मदत हवी आहे: व्हर्च्युअल मशीनवर ओएसपीएफ एक्सस्टार्टलाच अडकतंय

नमस्कार मंडळी. बेळगावात उद्यमबागेतल्या आमच्या वर्कशॉपच्या सर्व्हरवर केव्हीएममध्ये (व्हर्च्युअल मशीन चालवणारी लिनक्सची सोय) डेबियन लिनक्स आहे, त्यावर एफआरआर हे राउटिंगचं सॉफ्टवेअर. शेजारच्या राउटरशी ओएसपीएफ (राउटरांनी एकमेकांना मार्ग कळवायचा प्रोटोकॉल) जुळवतोय, पण नेबर, म्हणजे समोरचा राउटर, ‘एक्सस्टार्ट’च्या (माहितीची देवाणघेवाण सुरू होण्याआधीची पायरी) पुढे सरकतच नाही.

हॅलो (‘मी आहे’ कळवणारं पॅकेट) दर 10 सेकंदांनी, डेड (नेबर गेला असं धरायची मुदत) 40 सेकंद, एरिया 0, सगळं दोन्हीकडे सारखं. राउटर आयडी वेगळे. एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार) दोन्हीकडे 1500 बाइट, 1472 बाइटचा पिंगही तुकडे न होता जातो. टीसीपीडंपमध्ये (पॅकेट पाहायचं साधन) 224.0.0.5 या मल्टिकास्ट पत्त्यावरचे हॅलो दोन्ही बाजूंचे दिसतात. आमचं डीबीडी (मार्गांच्या माहितीचा सारांश देणारं) पॅकेट बाहेर पडतं, समोरून मात्र एकही येत नाही. हॅलो मल्टिकास्ट (एकदम अनेकांना) आणि डीबीडी युनिकास्ट (एकालाच), म्हणून शंका येते: होस्टच्या ब्रिजवरची (व्हर्च्युअल मशीनला नेटवर्कशी जोडणारा दुवा) फायरवॉल प्रोटोकॉल 89 चं, म्हणजे ओएसपीएफचं, युनिकास्ट तेवढं अडवत असेल का? ते नेमकं कुठे तपासू?

एमटीयू-इग्नोर (एमटीयूची तपासणी टाळणारी सेटिंग) लावून वेळ मारून न्यायची नाहीये. पुढे खानापूरचं युनिटही यालाच जोडायचंय. कृपया सांगा.