जुन्या स्टिरिओ अ‍ॅम्प्लिफायरला पॉवर्ड सबवूफर कसा जोडावा?

प्रश्न:

माझ्याकडे एक जुना स्टिरिओ अ‍ॅम्प्लिफायर आणि 5 इंची वूफरचे दोन बुकशेल्फ स्पीकर आहेत. पखवाजाचा आणि डग्ग्याचा घुमारा त्यांतून पोकळ ऐकू येतो, म्हणून गेल्या महिन्यात मी 10 इंची पॉवर्ड सबवूफर (फक्त खालचे स्वर वाजवणारा, आतच स्वतःची पॉवर असलेला स्पीकर) घेतला. अ‍ॅम्प्लिफायरला सबवूफरसाठीचे ‘सब आउट’ नाही, त्यामुळे दुकानदाराच्या सांगण्यावरून ‘टेप आउट’मधून जोडणी केली. आता रात्री अ‍ॅम्प्लिफायरचा आवाज कमी केला तरी सबवूफर त्याच जोराने धडधडत राहतो आणि गाणे बंद असतानाही त्यातून सतत ‘घूंऽऽ’ असा आवाज येतो. अ‍ॅम्प्लिफायरला केबलच्या टीव्हीचा सेट-टॉप बॉक्सही जोडलेला आहे. सबवूफरच्या मागे स्पीकरच्या वायरींसाठी चार टर्मिनल दिसतात. त्यांचा उपयोग करता येईल का? खोली 14 फूट लांब आणि 11 फूट रुंद आहे.

पहिले उत्तर:

तुमच्या दोन्ही तक्रारींची कारणे वेगवेगळी आहेत, म्हणून आधी पहिलीकडे वळतो. ‘टेप आउट’ हे कॅसेटवर ध्वनिमुद्रण करण्यासाठी दिलेले असते आणि त्यातला सिग्नल आवाजाच्या नॉबच्या आधीच बाहेर काढलेला असतो, नाहीतर ऐकताना आवाज कमी-जास्त केला की मुद्रणही कमी-जास्त झाले असते. तुमचा सबवूफर नॉबला दाद देत नाही, तो एवढ्याचसाठी. यात बिघाड काहीही नाही.

ती चार टर्मिनले नेमकी तुमच्यासारख्या अ‍ॅम्प्लिफायरसाठीच आहेत. अ‍ॅम्प्लिफायर बंद करून, ज्या टर्मिनलांना सध्या स्पीकर जोडलेले आहेत तिथूनच दुसरी वायर काढून सबवूफरच्या ‘स्पीकर इनपुट’ला द्या. डाव्याला डावे, उजव्याला उजवे आणि लालला लाल हे काटेकोरपणे पाळा. स्पीकरच्या मूळ वायरी आहेत तशाच राहू द्या. अ‍ॅम्प्लिफायरवर याचा भार पडेल ही भीती नको, कारण स्पीकरचा रोध 4 ते 8 ओहम असतो, तर सबवूफरचे हे इनपुट त्याच्या कितीतरी पट रोधाचे असल्यामुळे जवळजवळ काहीच विद्युतप्रवाह ओढत नाही. घरात एव्ही रिसीव्हर (होम थिएटरचा, सबवूफरसाठी वेगळे आउटपुट असलेला) असता तर एका पिनच्या केबलने काम भागले असते आणि क्रॉसओव्हर (ज्या स्वराच्या खालचा आवाज सबवूफरने वाजवायचा ती सीमा) रिसीव्हरमध्येच साधारण 80 हर्ट्‌झवर ठेवता आला असता. तुम्हाला तो सबवूफरच्या नॉबवर ठरवावा लागेल. 60 हर्ट्‌झपासून सुरुवात करा आणि डग्ग्याचा आवाज एकाच जागेवरून येतो आहे असे वाटेपर्यंत हळूहळू वर न्या.

दुसरे उत्तर:

वरील जोडणी योग्य आहे, परंतु त्याआधी एक खात्री अवश्य करून घ्यावी. काही अ‍ॅम्प्लिफायरांत, विशेषतः क्लास-डी प्रकारच्या, काळे टर्मिनल ग्राउंडला (आतल्या सर्किटच्या सामाईक शून्य बिंदूला) जोडलेले नसते. तशा ठिकाणी सबवूफरच्या आत दोन्ही काळी टर्मिनले एकत्र जोडलेली असतील तर अ‍ॅम्प्लिफायर जळू शकतो. विजेची पिन काढून, स्पीकरच्या वायरी सोडवून, मल्टिमीटरने अ‍ॅम्प्लिफायरच्या दोन्ही काळ्या टर्मिनलांमधला आणि काळे टर्मिनल व पत्र्याची पेटी यांच्यामधला रोध मोजावा. दोन्हीकडे जवळपास शून्य आल्यास निश्चिंत मनाने जोडणी करावी.

‘घूं’ हा आपल्याकडच्या 50 हर्ट्‌झच्या विजेचा आवाज आहे आणि सबवूफर नेमका तोच पट्टा वाजवतो. मला संशय केबलच्या वायरीचा आहे, कारण ती इमारतीच्या गच्चीवरून दुसरीकडचे ग्राउंड घरात आणते आणि दोन ग्राउंडांमधला फरक गुणगुण म्हणून ऐकू येतो. सेट-टॉप बॉक्समधून ती वायर काढून पाहावी; आवाज थांबला तर टीव्हीपासून ऑप्टिकल केबल (प्रकाशाने सिग्नल नेणारी) आणि छोटा डॅक (डिजिटल सिग्नलचे साध्या ऑडिओत रूपांतर करणारी डबी) वापरून तो धातूचा दुवा तोडता येईल. सबवूफरच्या थ्री-पिनची अर्थिंगची पिन कापण्याचा सल्ला कोणीही दिला तरी ऐकू नये. गुणगुण थांबावी म्हणून घरातल्या माणसांचे संरक्षण काढून टाकणे मला अजिबात मान्य नाही.

प्रश्नकर्ता:

दोघांचेही मनापासून आभार. मल्टिमीटरवर दोन्हीकडे शून्य आले, म्हणून स्पीकरच्या टर्मिनलांवरून जोडणी केली आणि आता नॉब फिरवला की सबवूफरही सोबत कमी होतो. केबलची वायर काढताच गुणगुण पूर्ण थांबली. डॅक मागवला आहे. आता एकच अडचण उरली आहे: कोपऱ्यात ठेवलेल्या सबवूफरचे काही स्वर भिंती हादरवतात, तर काही सोफ्यावर बसल्यावर ऐकूच येत नाहीत.

पहिले उत्तर देणारा:

तो खोलीचा परिणाम आहे. 14 फूट लांबीत 40 हर्ट्‌झच्या आसपास आणि 11 फूट रुंदीत 51 हर्ट्‌झच्या आसपास आवाज साचतो, आणि कोपऱ्यात ठेवलेला सबवूफर या दोन्हींना सर्वांत जास्त डिवचतो. सबवूफर उचलून तुम्ही बसता त्या सोफ्यावर ठेवा, खालच्या स्वरांचे ओळखीचे गाणे लावा आणि स्वतः भिंतीच्या कडेकडेने गुडघ्यांवर फिरत कान जमिनीजवळ नेऊन ऐका. जिथे सगळे स्वर सारखे ऐकू येतील तिथे खडूने खूण करून सबवूफर तिथे हलवा. त्यानंतर सोफ्यावर बसा आणि दुसऱ्या कोणाला तरी सबवूफरवरचा फेजचा खटका (त्याच्या लहरी स्पीकरच्या लहरींशी जुळवणारा) 0 आणि 180 असा बदलायला सांगा. ज्या बाजूला डग्गा भरीव वाटेल तीच ठेवा.

प्रश्नकर्ता:

खूण दाराशेजारच्या भिंतीपाशी, कोपऱ्यापासून साधारण चार फुटांवर आली. खटका 180 वर ठेवला असून क्रॉसओव्हर 70 हर्ट्‌झच्या जरा खाली आहे. आज पहाटे अगदी हळू आवाजात पखवाज लावला, तेव्हा डाव्या हाताची थाप आणि तिच्यामागचा घुमारा दोन्ही वेगवेगळे ऐकू आले.