आजीच्या स्वेटरची लोकर उसवून मुलगी कॉलेजात डिस्प्लेला लावतेय, आणि नंतर कापून टाकणार म्हणते!

दांडियाबाजारची_ताई
नमस्कार मंडळी, जरा गोंधळ झालाय म्हणून विचारते. लेक इथेच बडोद्याला फाइन आर्ट्सला आहे, स्कल्पचर. चिहारू शिओटा म्हणून कोणी जपानी बाई आहे, ती अख्ख्या खोलीत लोकरीचं जाळं विणते, लेक सध्या तिच्यावर फिदा. आता डिस्प्लेसाठी हिला माझ्या सासूबाईंच्या हातचे चार स्वेटर उसवायचेत आणि त्या लोकरीचं जाळं एका जुन्या खुर्चीभोवती लावायचंय. इथपर्यंत ठीक, पण डिस्प्ले संपला की सगळं कापून कचऱ्यात! म्हणते आई तोच तर मुद्दा आहे. सासूबाई जाऊन सहा वर्षं झाली, स्वेटर कोणी घालत नाही हे खरं, बडोद्यात थंडी असते किती दिवस, पण म्हणून कापायचं? ती जपानी बाई खरंच असं करते की आमचं कार्टं मला गुंडाळतंय?

सुतळीबॉम्ब
खरंच करते ताई. जाळं त्या जागेवरच विणतात, भिंतीला स्टेपल मारून, टीम लावून, त्यामुळे ते काढून दुसरीकडे नेता येत नाही, प्रदर्शन संपलं की कापायचं. जन्म १९७२ चा, ओसाकाची, १९९६ ला जर्मनीत गेली ती तिथलीच झाली. २०१५ ला व्हेनिसच्या बिएनालेत, म्हणजे तिथल्या मोठ्या कलाप्रदर्शनात, जपानच्या दालनात दोन जुन्या होड्या आणि वर लाल लोकरीला टांगलेल्या हजारो चाव्या, लोकांनी वापरलेल्या, जगभरातून मागवलेल्या. लहानपणी शेजारचं घर जळालं आणि राखेत पियानो उभा होता ते तिच्या डोक्यातून गेलंच नाही, म्हणून जळका पियानो आणि काळे धागे हे तिच्या कामात येतं. टोकियोच्या मोरी म्युझियमने मोठ्या प्रदर्शनासाठी बोलावलं आणि दुसऱ्याच दिवशी कॅन्सर उलटल्याचं कळलं, ते प्रदर्शन २०१९ ला झालं. तेव्हा ‘काही टिकत नाही’ हे ती फॅशन म्हणून बोलत नाही. जपानी लोक याला मुजो म्हणतात, म्हणजे बुद्धाचं अनित्य.

पण लेकीला म्हणावं जपानला जायच्या आधी घरचं बघ. मृणालिनी मुखर्जी आपल्या बडोद्यालाच शिकल्या, के. जी. सुब्रमण्यन यांच्या हाताखाली, आणि हेम्पच्या जाड दोरीला हाताने गाठी मारमारून माणसापेक्षा उंच मूर्ती केल्या, आधी स्केच नाही, माग नाही. २०१५ ला गेल्या. त्या गाठी कापायच्या नव्हत्या, उभ्या राहायच्या होत्या. दोरी तीच, डोकं वेगळं. जुरीत, म्हणजे परीक्षक काम बघायला बसतात तेव्हा, हा प्रश्न येणारच, तयारी करून ठेव म्हणावं.

रावपुरा_काका
आता कोणीतरी गणपती विसर्जनाचं उदाहरण देईलच, त्याआधी सांगतो, गणपती पुढच्या वर्षी येतो, स्वेटर येत नाही. बाजारात किलोवर लोकर मिळते ती आणून कापा ना. माणसाच्या हातची वस्तू कशाला?

वाकडी_वात
काका बाजारच्या लोकरीला कोणाचं काय जातं? कापताना हात थांबला पाहिजे तरच ते काम.

मला वेगळंच आठवलं. आमची आजी चातुर्मासात लक्ष वाती करायची, दुपारी जेवण झालं की कापूस पिंजत बसायची, बोटांना राख लावून वळायची, शंभराचे जुडगे करून डब्यात, आम्ही मोजायला. चार महिने. आणि उद्यापनाला देवळात सगळ्या तुपात भिजवून एकदम पेटवायच्या, संपलं, खाली काजळी. आम्ही रडलो होतो एकदा, तर म्हणाली, अगं जाळायलाच वळल्या ना. तिला कोणी आर्टिस्ट म्हटलं नाही ती गोष्ट वेगळी. पण ताई, तुमच्या सासूबाईंनी स्वेटर घालायला विणले होते, जाळायला नाही, हा फरक मला अजून सुटत नाहीये. खरं सांगू, तुम्ही एक ठेवा, तीन द्या.

सुतळीबॉम्ब
एक प्रॅक्टिकल सांगायचं राहिलं. उसवलेली लोकर कुरळी निघते. गुळगुळीत हवी असेल तर खुर्चीच्या पाठीला गुंडाळून लडी करा, चार ठिकाणी बांधा, कोमट पाण्यात बुडवून खाली हलकं वजन लावून सावलीत वाळवा. पण मी असतो तर कुरळीच ठेवली असती. आणि कसर लागलेली असेल तर ताणल्यावर तुटणार, आधी एक बाही उसवून बघा.

दांडियाबाजारची_ताई
सगळ्यांचे आभार, काका तुमचेही. काल रात्री आम्ही दोघी बसलो, राखाडी स्वेटरची बाही उसवली. लोकरीवर प्रत्येक टाक्याची वळी तशीच आहे हो, हात लावला तर टाके मोजता येतात. लेक म्हणाली धुवायची नाही. मी काही बोलले नाही. मरून रंगाचा मी कपाटात टाकलाय, कुलूप लावून, बाकीचे तीन तिचे. आता तेवढं सांगा, भिंतीला मारायचं ते मोठं स्टेपलर मंगळबाजारात मिळेल की हार्डवेअरवाल्याकडेच जावं लागेल?