बाळाशी बोलणे, बाळाला वाचून दाखवणे : आपले अनुभव

अक्षरओळख होण्याच्या कितीतरी आधी बाळाला भाषा कळू लागते. तीन वर्षांपर्यंतच्या मुलांशी आपण घरात कसे बोललो, त्यांना काय वाचून दाखवले आणि त्यात काय फसले, हे येथे सविस्तर लिहावे. सुरुवात मीच करते.

मुलगी सात महिन्यांची असताना मी जाड पुठ्ठ्याच्या पानांचे प्राण्यांचे पुस्तक आणले. पहिले तीन आठवडे तिने ते केवळ चावले; गायीच्या शिंगांवर दातांच्या खुणा अजून आहेत. मी नेटाने प्रत्येक पान शेवटपर्यंत वाचत असे आणि ती मांडीवरून घसरत असे. एकदा ‘गाय म्हणते’ एवढे वाचून मला शिंक आली, तर वाचन थांबले त्या क्षणी तिने माझ्या तोंडाकडे पाहून ‘म्म’ केले. तेव्हापासून मी मध्ये थांबू लागले आणि तिच्या हुंकाराला उत्तर देऊ लागले. पुस्तक संपवायचे नसते, हे कळण्यासाठी मला शिंक यावी लागली.

साताऱ्याहून एक आजोबा

सकाळी मेथी निवडताना मी नातवाला समोर बसवून ‘पान पातेल्यात, काडी सुपात’ असे बोलत असे. दीड वर्षाचा असताना त्याने खाली पडलेली काडी उचलून ‘काई शुपात’ म्हटले. सूनबाईंनी आणलेल्या रंगांच्या कार्डांचे कौतुक मला कधी वाटले नाही. टोमॅटोचा लाल रंग निदान हातात धरता येतो.

म्युनिकहून एक बाबा

आमच्या मुलीला पाळणाघरात जर्मन आणि घरी मराठी ऐकायला मिळते. इंग्रजी घरांतील सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना हिंदीतील ‘ट’ आणि ‘त’ यांतला भेद कळतो, पण वर्षाच्या सुमारास ही क्षमता बरीच ओसरते, असे मानसशास्त्रज्ञ जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी १९८४ साली दाखवले होते. भाषासंशोधक पॅट्रिशिया कूल यांच्या २००३ सालच्या प्रयोगात नऊ महिन्यांच्या अमेरिकी बाळांनी मँडरिन या चिनी भाषेचे ध्वनी समोर बसलेल्या माणसाकडून आत्मसात केले, चित्रफितीतून मात्र नाही. हे वाचल्यावर मराठी कार्टून बंद करून आम्ही स्वतःच बोलू लागलो. आता अडीच वर्षांची ही बाई, शेजारचे जर्मन काका ‘ताट’ला ‘टाट’ म्हणाले की त्यांना थांबवून पुन्हा म्हणायला लावते.

नाशिकहून एक आई

दोन वर्षे पूर्ण झाली तरी आमच्या मुलाकडे ‘आई’ आणि ‘दे’ यांपलीकडे शब्द नव्हते. ‘मुलगे उशिराच बोलतात, त्याचा मामा तर चौथ्या वर्षी बोलला’ हे ऐकत आम्ही सहा महिने घालवले, आणि मोबाइल दाखवल्याचा ठपका अर्थातच माझ्यावर आला. हाक मारली की तो वळत असे, म्हणून ऐकण्याची शंका कोणाला आली नाही. तपासणीत दोन्ही कानांच्या पडद्यांमागे पाणी साठलेले निघाले. उपचारांबरोबरच वाचाउपचारतज्ज्ञांनी एक साधी गोष्ट सांगितली : त्याच्याकडून शब्द वदवून घेऊ नका; तो ज्याकडे पाहत असेल त्याचे नाव घ्या आणि त्याच्या शब्दाला आपला एक शब्द जोडा. तो ‘गाडी’ म्हणाला की आम्ही ‘मोठी गाडी’ म्हणत असू. परवा कचऱ्याची गाडी कोपऱ्यावर वळल्यावर खिडकीच्या गजांना धरून तो म्हणाला, ‘मोथी गाडी गेली.’