चर्चा: केसपेपरवर 'धंदा' या रकान्यात 'निवृत्त' लिहिलं की संपलं?

किसननगरवाली (धागाकर्ती)

बाबा ६१ वर्षांचे. त्यातली एकतीस वर्षं वेल्डिंग. आधी ठाण्यात वागळे इस्टेटला एका गाळ्यात, तिथले गाळे पाडून काचेच्या इमारती उभ्या राहायला लागल्यावर नवी मुंबईत रबाळे एमआयडीसीत. दोन वर्षांपूर्वी जिन्यावर वळताना अडखळायला लागले. मग टीएमटीच्या बसमध्ये चढताना मागच्या मागे पडले. आवाज बारीक झाला. चिडचिड इतकी, की आईने माहेरी जायची धमकी दिली. हात मात्र फारसा थरथरत नाही.

चार डॉक्टर झाले. निदान पार्किन्सन्स. आठ महिने गोळ्या चालू आहेत, फरक नावापुरता. काल फाईल लावताना पहिला केसपेपर हाताला लागला. त्यावर 'धंदा: निवृत्त'. चौघांपैकी एकानेही विचारलं नव्हतं, की निवृत्त कशातून?

वेल्डिंगच्या धुरात मँगनीज असतं आणि ते मेंदूत साठतं, हे मला फेब्रुवारीत कळलं, तेही एका लग्नात भेटलेल्या फिटरकाकांकडून. माझं मत सरळ आहे. हात-पाय-तोल-विसर यासाठी आलेल्या प्रत्येकाला आयुष्यभराचं काम विचारलंच पाहिजे. आणि बंद गाळ्यात वेल्डिंग करून घेणाऱ्या मालकाला धूर जागेवरच ओढून घेणारी सक्शन लावायची सक्ती हवी. बोला.

गाळा नंबर अमुक

ताई, वडिलांबद्दल वाईट वाटलं. पण रबाळ्यात माझं फॅब्रिकेशन बावीस वर्षं चालू आहे, आज अकरा वेल्डर आहेत, एकालाही असलं काही नाही. पार्किन्सन्स बँकेतल्या माणसालाही होतो. वेल्डरांना तो जास्त होतो का, याचे बरेच अभ्यास एकत्र करून पाहिलेत आणि धोका वाढलेला दिसला नाही, हेही वाचा की. जॉबवर्क देणारी कंपनी किलोमागे पन्नास पैसे वाढवायला तयार नाही, सक्शनचे पैसे कुठून काढू? सक्ती झाली तर काम भिवंडीच्या पत्र्याच्या शेडमध्ये जाईल. तिथे तर कोणीच बघत नाही.

आणि आमच्याकडे रोज संध्याकाळी गूळ-केळी देतात. स्वतःच्या खिशातून.

सेवानिवृत्त सेफ्टी

गाळेवाले, तुम्ही वाचलंत ते बरोबर आहे आणि तरी मुद्दा चुकलाय. ते अभ्यास पार्किन्सन्स या आजाराचे. मँगनीजमुळे होतो तो त्याच्यासारखा दिसणारा दुसरा विकार. मेंदूचा भागही थोडा वेगळा. नेहमीच्या पार्किन्सन्समध्ये डोपामिन (हालचालींसाठी लागणारं मेंदूतलं रसायन) बनवणाऱ्या पेशी मरतात, मँगनीज मुख्यतः त्यापुढच्या ग्लोबस पॅलिडस नावाच्या भागात जमतं. म्हणून विश्रांतीतली थरथर कमी, मागे पडणं जास्त, काहींची चाल चवड्यांवर, आणि लेव्होडोपाचा, म्हणजे पार्किन्सन्सच्या नेहमीच्या औषधाचा, गुण येत नाही किंवा टिकत नाही. ताईंनी वर काय लिहिलंय ते पुन्हा वाचा.

हे नवीन नाही. १८१७ मध्ये जेम्स पार्किन्सनने आपला निबंध छापला आणि वीसच वर्षांनी, १८३७ मध्ये, कूपर नावाच्या डॉक्टरने ग्लासगोत मँगनीजची भुकटी दळणाऱ्या कामगारांत असाच विकार नोंदवला.

पोटातून गेलेलं मँगनीज यकृत बरंचसं पित्तावाटे बाहेर टाकतं. श्वासातून गेलेलं यकृताला वळसा घालून थेट रक्तात उतरतं. त्यामुळे पालेभाजीत मँगनीज असतं ना, हा युक्तिवाद कृपया कोणी आणू नये, पंचवीस वर्षं ऐकलाय.

'मर्यादेत आहे' असंही मालक सांगतात. कुठल्या मर्यादेत? अमेरिकी सरकारी नियमात हवेच्या घनमीटरमागे ५ मिलिग्रॅम. तिथल्याच औद्योगिक आरोग्यतज्ज्ञांच्या संघटनेने फुप्फुसात खोल जाणाऱ्या कणांसाठी २०१३ मध्ये सुचवलेला आकडा ०.०२. मोजायची रीत वेगळी आहे, सरळ भागाकार करू नका. पण दरी बघा.

गाळा नंबर अमुक

मग ताईंच्या वडिलांचं रक्त तपासा ना. निघालं मँगनीज तर मी गप्प बसतो.

ओपीडीतला

इथेच गोची आहे. मी न्यूरोलॉजीत काम करतो. मँगनीज रक्तातून लवकर निघून जातं. काम सोडून वर्ष झालेल्या माणसाचा रिपोर्ट नॉर्मल आला तर त्यातून काहीच सिद्ध होत नाही. एमआरआयमध्ये तो भाग पांढरा चमकतो खरा, पण धुरापासून दूर गेल्यावर काही महिन्यांत चमक विरते. त्रास मात्र राहतो. म्हणजे पुरावा पुसला जातो आणि माणूस तसाच.

तरी ताई, तुमच्याशी मी पूर्ण सहमत नाही. सकाळच्या ओपीडीत माणसामागे तीन-चार मिनिटं मिळतात. आणि लेव्होडोपाला दाद न देणारे इतरही विकार आहेत. वडिलांना मँगनीजच आहे असं इथून ठरवून टाकू नका. वेल्डर असणं हा एक धागा आहे, निदान नाही.

किसननगरवाली

मी निदान मागतच नाहीये. प्रश्न विचारा म्हणतेय. 'काय काम करायचात?' याला चार सेकंद लागतात.

ऐरोलीची आई

आपण सगळेच धातू खातोय! मी लेकाच्या केसांची तपासणी करून घेतली, सात धातू जास्त निघाले, आता डिटॉक्सचा कोर्स चालू आहे. अ‍ॅल्युमिनियमचे कुकरही फेकले.

ओपीडीतला

ताई, कोर्स थांबवा आणि बालरोगतज्ज्ञांना भेटा. केसांवर बाहेरची धूळही बसते. मुलांच्या बाबतीत खरी काळजी शिशाची, आणि त्याची तपासणी नसेतून काढलेल्या रक्ताची. जागतिक आरोग्य संघटना डेसिलिटरमागे ५ मायक्रोग्रॅम आढळलं की शिसं कुठून येतंय ते शोधायला सांगते, पण त्याखाली सुरक्षित असंही म्हणत नाही. शरीर त्याला कॅल्शियम समजून हाडात घालतं, मेंदूतही शिरू देतं. शिसं काढायचं औषध फार वरच्या पातळीलाच देतात. मध्यम पातळीच्या मुलांना ते देऊन पाहिलं, रक्तातलं शिसं उतरलं, बुद्धीच्या चाचण्यांत फरक पडला नाही. २००१ मधला मोठा प्रयोग आहे. आणि कुकर-अल्झायमरचा संबंध सिद्ध झालेला नाही. भंगारवाल्याचा फायदा झाला, एवढंच.

दिघा

शिशाचं निघालं म्हणून सांगतो. माझा मावसभाऊ जुन्या बॅटऱ्या फोडायचा. शेडवरून तसाच घरी, पोर त्याच कपड्यांना मिठी मारणार, वहिनी सगळ्यांचे कपडे एकाच बादलीत भिजवणार. पोराच्या रक्तात शिसं निघालं तेव्हा घरचे पिण्याचं पाणी तपासत बसले होते. आता तो शेडवरच आंघोळ करून निघतो. खर्च किती? एक साबण.

दिवाळ्याचा

हा धागा खाडीवर यायच्या आत बोलतो. दर वेळी कोणीतरी पारा-पारा करतं आणि आमच्या कोळणींच्या टोपलीतली निवटी (खाडीतले मासे) न विकता परत येतात. कारखान्याचं पाणी कोण सोडतं, ते त्यांना विचारा.

सेवानिवृत्त सेफ्टी

रास्त. जपानच्या मिनामातामध्येही पारा कारखान्याने सोडला आणि आधी आजारी पडली ती कोळ्यांची घरं. १९५६ साली.

गुळाचं राहिलं. गुळाने धूर उतरत नाही. पण अंगात लोह कमी असेल तर मँगनीज आणि शिसं दोन्ही जास्त शोषलं जातं, त्यामुळे कामगाराला नीट जेवण द्याच. सक्शनऐवजी नको. आणि शिसं, पारा, मँगनीज तिन्हींच्या विषबाधा १९४८ च्या फॅक्टरी अ‍ॅक्टच्या यादीत होत्या, नुकसानभरपाईच्या १९२३ च्या कायद्यातही होत्या, आणि २०२५ मध्ये त्यांच्या जागी आलेल्या कामगार संहितांच्या यादीतही आहेत. डॉक्टरने काम विचारलंच नाही तर त्या यादीपर्यंत कागद पोचणार कसा? ताईंचा रकाना मला म्हणून महत्त्वाचा वाटतो.

गाळा नंबर अमुक

सक्तीला माझा विरोध कायम आहे. पण एक विचारतो. मी दोन मोठे एक्झॉस्ट पंखे बसवलेत. पोरंच बंद करतात. काय करू?

किसननगरवाली

हे आत्ता बाबांना वाचून दाखवलं. हसले. बऱ्याच दिवसांनी. म्हणाले, "आम्हीपण बंद करायचो. वारा आला की वेल्डवर पांघरलेला सीओटूचा गॅस उडतो, वेल्डला भोकं पडतात. मग जॉब रिजेक्ट, आणि पैसे आमचे कापतात." टाकीच्या आत उतरून वेल्डिंग असेल तर पंख्याचा तसाही उपयोग नसायचा, म्हणाले.

सेवानिवृत्त सेफ्टी

बाबा अगदी बरोबर सांगतायत. म्हणूनच खोलीचा पंखा नको, वाकणारा पाइप आणि पुढे तोंड हवं. आर्कपासून, म्हणजे वेल्डच्या ज्योतीपासून, साधारण फूटभर, बाजूला, धूर वेल्डरच्या तोंडापर्यंत चढायच्या आत ओढला गेला पाहिजे. ओढ बेताची ठेवली तर गॅस उडत नाही. चाकांवरचं फिरतं युनिटही मिळतं. आधी एकाच टेबलावर लावा. आणि रिजेक्ट झालेल्या जॉबचे पैसे पोरांकडून कापत असाल, तर ते आधी बंद करा.