आजोबांच्या गोल्फच्या काठ्या: पॉलिश करून विकाव्यात का?

माळ्यावरची_अडगळ
आजोबा खडकीच्या दारूगोळा कारखान्यात कारकून होते. १९४७ मध्ये विलायतेला परतताना एका साहेबाने त्यांना गोल्फच्या पाच काठ्या दिल्या. आजीने एकीने चिंचा पाडल्या, दुसरी मच्छरदाणीला लावली, आता तीन उरल्यात. दांडा लाकडी, पातं लोखंडी. एकीच्या पाठीवर सेंट अँड्र्यूजच्या टॉम स्टुअर्टचं नाव आणि चिलमीची खूण आहे. जुन्या वस्तूंचा एक दुकानदार म्हणतो, पन्नास हजार येतील, पण आधी पॉलिशचे चार हजार द्या. देऊ का?

हिकरीवेडा, एडिंबरा
अजिबात नको! ती चिलीम नव्हे, तंबाखूचा पाइप. स्टुअर्टच्या कारखान्याची ती खूण. पॉलिशच्या चाकावर धरलं की ती पुसट होते, आणि घेणारा आधी तीच बघतो.

आता कडू गोळी. दांडा बहुतेक हिकरीचा, म्हणजे एका चिवट अमेरिकी लाकडाचा असणार. स्टीलच्या दांड्याला इथे १९२९ मध्ये मान्यता मिळाली. तोवर हिकरीच्या काठ्या ढिगाने बनल्या. मी रविवारच्या बाजारात वीस-तीस पौंडांना उचलतो (बायकोला दहा सांगतो). स्टुअर्टची असेल तर थोडे जास्त, पण पन्नास हजार विसरा. मोठा पैसा त्याहून जुन्यांना: दांडा आणि लाकडी डोकं तिरकं तासून जोडलेलं, वर दोरा गुंडाळलेला. लोखंडी असेल तर पात्याचा चेहरा, म्हणजे चेंडूला लागणारी बाजू बघा. काठी पटर (चेंडू भोकात ढकलायची) नसूनही चेहरा गुळगुळीत असेल, तर १९०० च्या आसपासची किंवा आधीची असू शकते. रेघा-ठिपके असतील तर बहुधा नंतरची.

कागदपत्रवाला
एडिंबऱ्याला पाठवायचा मोह नको. शंभर वर्षांवरची वस्तू पुरावस्तू ठरू शकते, आणि १९७२ च्या कायद्याने खासगी माणसाला पुरावस्तू निर्यात करता येत नाही. आधी पुरातत्त्व खात्याला विचारा.

माळ्यावरची_अडगळ
तिन्हींवर रेघा आहेत. गेले पन्नास हजार! चार हजार तरी वाचले. आई म्हणते, आता विकूच नको. दांडे पांढरे पडलेत, खोबरेल लावू?

हिकरीवेडा, एडिंबरा
खोबरेल सुकत नाही, चिकट राहील. रंगाच्या दुकानातून जवसाचं डबल बॉइल्ड तेल आणा, फडक्याने अगदी पातळ हात द्या, जास्तीचं लगेच पुसा. मुठीवरचं चामडं सुटलं असेल तरी बदलू नका. आणि ती मच्छरदाणीवाली कुठे गेली, ते आईंना विचारा ना!