डिफ्रॅग केल्यावर नॅसवरची सव्वा टीबी जागा गेली: स्नॅपशॉट काढून टाकावेत की मोठ्या डिस्क घ्याव्यात?

जुना कॅमेरा, लातूर

नमस्कार मंडळी. आमचा लातूरला छायाचित्रणाचा छोटा स्टुडिओ आहे आणि घरी दोन डिस्कचा एक नॅस (नेटवर्कवरून फाइली ठेवायचे यंत्र) आहे. दोन्ही डिस्क ४ टीबीच्या असून रेड १ मध्ये, म्हणजे दोन्हींवर तीच माहिती राहील अशा, लावलेल्या आहेत, फाइल सिस्टिम बीटीआरएफएस आहे, आणि रोज रात्री २ वाजता एक स्नॅपशॉट (त्या क्षणी फाइली जशा असतील त्यांची जपलेली स्थिती) निघतो. असे मागच्या ६० दिवसांचे स्नॅपशॉट राहतात. वापरण्याजोगी जागा ३.६३ टीबी दिसते. (४ टीबीच्या डिस्कवर इतकीच का दिसते, ते मला ठाऊक आहे, कंपनी हजाराने मोजते, यंत्र १०२४ ने मोजते.)

गेल्या महिन्यापासून छायाचित्रांचा कॅटलॉग उघडायला फार वेळ लागू लागला. नॅसच्या मेनूत ‘स्क्रब’ (माहितीची तपासणी) याच्या खालीच ‘डिफ्रॅग’ (विखुरलेल्या फाइली सलग करणे) असे बटण होते. विंडोजच्या जुन्या सवयीने मी शनिवारी रात्री ते दाबले. काम रविवारी संध्याकाळपर्यंत चालले, मध्ये दोनदा लाइट गेली, पण इन्व्हर्टरमुळे नॅस बंद पडला नाही. सोमवारी सकाळी पाहतो तर आधी १.९० टीबी असलेला वापर ३.१५ टीबी झालेला. सगळ्या फोल्डरांची बेरीज मात्र पूर्वीइतकीच, म्हणजे १.७५ टीबी भरते. नवीन एकही फाइल टाकलेली नाही.

घाबरून मी तीन स्नॅपशॉट काढून टाकले, तर जागा जेमतेम २ जीबीने वाढली. दुकानदार म्हणतो, सगळे फॉरमॅट करून पुन्हा भरा. त्यात १९९३ च्या भूकंपानंतर वडिलांनी किल्लारीत काढलेल्या निगेटिव्हचे स्कॅन आहेत, म्हणून विचारल्याशिवाय हात लावायचा नाही असे ठरवले आहे. गेलेली जागा परत येते का? की ८ टीबीच्या डिस्क घेणे बरे?

गोदाकाठ, नांदेड

काका, आधी फॉरमॅटचा विचार सोडा आणि डिस्कची खरेदीही थांबवा. तुमची जागा गेलेली नाही. ती स्नॅपशॉटांनी धरून ठेवली आहे.

बीटीआरएफएसमध्ये स्नॅपशॉट घेताना माहितीची नक्कल होत नाही. एकाच गटाच्या सातबाऱ्यावर दोन भावांची नावे असावीत, तशी चालू फाइल आणि स्नॅपशॉट ही दोन नावे डिस्कवरच्या त्याच तुकड्यांवर लागलेली असतात, म्हणून नवा स्नॅपशॉट जवळजवळ जागाच घेत नाही. डिफ्रॅग काय करते, तर चालू फाइलचे विखुरलेले तुकडे वाचून दुसरीकडे सलग लिहिते आणि चालू फाइलचे नाव त्या नव्या जागेवर चढवते. जुन्या जागेवरून एक नाव कमी झाले, पण स्नॅपशॉटचे नाव तिथे कायम राहिले, त्यामुळे ती जागा मोकळी होऊ शकत नाही. तेच छायाचित्र आता दोन ठिकाणी आहे. वापर पूर्ण दुप्पट झाला नाही, कारण ज्या फाइली आधीच मोठ्या सलग तुकड्यांत होत्या त्यांना डिफ्रॅगने हात लावला नसणार. तुमच्या लग्नांच्या व्हिडिओंचे बहुधा तसेच झाले असावे.

ही चूक एकट्या तुमच्या यंत्राची नाही. बीटीआरएफएस ज्याचा भाग आहे त्या लिनक्स कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) ३.९ आवृत्तीत, म्हणजे २०१३ मध्ये, स्नॅपशॉटची भागीदारी सांभाळून डिफ्रॅग करण्याची सोय आली होती, पण ती मेमरी इतकी खात असे की ३.१४ मध्ये बंद करण्यात आली. तेव्हापासून डिफ्रॅग ही भागीदारी मोडते. बटणाशेजारी एवढी एक ओळ छापायला नॅस बनवणाऱ्यांना काय होते, हे मला आजवर समजलेले नाही.

आता तुमच्या तीन स्नॅपशॉटांविषयी. जुने तुकडे डिफ्रॅगच्या आधीच्या सगळ्याच स्नॅपशॉटांच्या नावावर एकत्र आहेत. त्यामुळे साठांपैकी एकोणसाठ काढून टाकले तरी उरलेला एक जवळजवळ सगळी जागा अडवून बसतो, आणि तो शेवटचा काढला की मग एकदम बांध फुटल्यासारखी जागा मोकळी होते. ‘बीटीआरएफएस फाइलसिस्टिम डीयू’ ही आज्ञा चालवली तरी ‘एक्सक्लुझिव्ह’च्या रकान्यात प्रत्येक स्नॅपशॉटपुढे क्षुल्लक आकडा दिसेल. तो खोटा नसतो, पण तो फक्त त्या एकट्याच्या मालकीचा असतो. इथेच बहुतेक लोक फसतात.

माझा सल्ला असा, की बाहेरची यूएसबी डिस्क जोडून १.७५ टीबी माहितीची प्रत घ्यावी, किल्लारीच्या फोल्डरातल्या दहावीस फाइली त्या प्रतीतून प्रत्यक्ष उघडून पाहाव्यात, आणि मगच डिफ्रॅगच्या आधीचे सर्व स्नॅपशॉट काढून टाकावेत. घाई नसेल तर काहीच करू नका. ६० दिवसांची मुदत संपेल तसे जुने स्नॅपशॉट आपोआप गळतील आणि शेवटच्या दिवसांत जागा परत येईल.

बोरीचा माळ, परभणी

माझ्याकडे असे झाले तेव्हा ‘बॅलन्स’ चालवल्यावर जागा मोकळी झाली होती. ४३ अंशांच्या उन्हाळ्यात दीड दिवस पंखा लावून बसलो होतो. तोही उपाय करून पाहावा.

गोदाकाठ, नांदेड

बॅलन्स हे वेगळ्या दुखण्याचे औषध आहे. बीटीआरएफएस माहितीसाठी साधारण १ जीबीचे कप्पे राखून ठेवते आणि ते अर्धवट रिकामे राहिले, तर बॅलन्स त्यांतला माल एकत्र करून रिकामे कप्पे सोडवते. दोन ठिकाणी लिहिलेली एकच गोष्ट बॅलन्सला एक करता येत नाही. तुमच्या वेळी मधल्या काळात स्नॅपशॉटही काढून टाकले गेले असावेत आणि श्रेय बॅलन्सला मिळाले असावे. आता ते करायचेच असेल तर स्नॅपशॉट काढून टाकल्यावर, फक्त निम्म्याहून कमी भरलेल्या कप्प्यांपुरते करावे.

बाराभाई, बीड

थोडे अवांतर, पण विंडोजवरही याच जातीचा घोटाळा होतो. एनटीएफएस या विंडोजच्या फाइल सिस्टिमचा क्लस्टर (जागा वाटण्याचे सर्वांत लहान माप) १६ केबीहून लहान असेल (नेहमीचा ४ केबीच असतो), तर डिफ्रॅगमधली हलवाहलव शॅडो कॉपीला, म्हणजे विंडोजच्या स्नॅपशॉटला, नवा बदल वाटते. तिथे जागा ठरावीक असल्यामुळे डिस्क भरत नाही, जुन्या शॅडो कॉपीच गुपचूप उडतात. त्यापेक्षा काकांचे बरे झाले म्हणायचे.

मूळ तक्रार मात्र बाजूलाच राहिली आहे. स्कॅन आणि व्हिडिओ एकदा लिहिले की बदलत नाहीत, त्यांना डिफ्रॅगची गरजच नव्हती. कॅटलॉगची फाइल हा डेटाबेस असतो. त्यात रोज बारीक बारीक बदल होतात आणि प्रत्येक बदल नव्या जागी लिहिला जातो, त्यामुळे ती फाइल हजारो तुकड्यांत विखुरते. ती फाइल संगणकाच्या एसएसडीवर हलवावी आणि तिची रोज एक प्रत नॅसवर टाकावी. त्या फोल्डरापुरते कॉपी-ऑन-राइट (बदल नव्या जागी लिहिण्याची ही पद्धत) बंद करण्याचा मार्गही आहे, परंतु त्यात चेकसमचे, म्हणजे माहिती बिघडली का हे ओळखणाऱ्या पडताळणी-आकड्याचे, संरक्षण जाते, म्हणून मी तो सुचवणार नाही.

जुना कॅमेरा, लातूर

सर्वांचे आभार. मंगळवारी यूएसबी डिस्कवर प्रत घ्यायला लावली, ती बुधवारी पहाटे पूर्ण झाली. वडिलांना शेजारी बसवून किल्लारीचे स्कॅन एकेक उघडले. त्यांनी दोन ठिकाणी फाइलींची नावे चुकल्याचे दाखवले, तेही दुरुस्त केले. मग जुने स्नॅपशॉट काढून टाकायला घेतले. शेवटचा काढल्यावरही पहिली दहा मिनिटे आकडा हलला नाही, तेव्हा पुन्हा पोटात गोळा आला होता. नंतर तो हळूहळू उतरत गेला, आणि जेवून येईपर्यंत वापर १.७७ टीबीवर आला होता.

कॅटलॉग लॅपटॉपच्या एसएसडीवर हलवला आहे. तो आता चटकन उघडतो. मेनूत आणखी एक गोष्ट सापडली: डिफ्रॅग दर महिन्याच्या १ तारखेला आपोआप चालावे अशी खूण माझ्या हातून त्याच रात्री पडलेली होती. ती काढून टाकली. स्क्रब महिन्यातून एकदा ठेवला आहे. त्याने वापर वाढत नाही ना, एवढे कोणी सांगावे.

गोदाकाठ, नांदेड

नाही वाढत. स्क्रब सगळी माहिती वाचून चेकसमशी ताडते आणि बिघडलेला तुकडा सापडला तरच दुसऱ्या डिस्कवरच्या चांगल्या प्रतीवरून तो दुरुस्त करते. ते चालू ठेवा, फक्त रात्री २ चा स्नॅपशॉट आणि ते एकाच वेळी येणार नाहीत असे बघा, नाहीतर दोन्ही रेंगाळतील.