ती गुरूच्या खुनाचा बदला घेणारी शॉर्ट सिरीज कोणी पूर्ण बघितली का? जिन्यातल्या फाइटबद्दल बोलायचंय

रात्रपाखरू
मोबाईलवर उभ्या फ्रेममध्ये बघायच्या त्या चिनी शॉर्ट ड्रामांपैकी एक आहे, काल रात्री सहज लावली आणि दीड-दोन मिनिटांचा एकेक भाग म्हणता म्हणता ८० भाग एका बैठकीत संपवले. स्टोरी ओळखीचीच, गुरूचा खून होतो आणि शिष्या निघते. पण जिन्यातली फाइट बघताना मी श्वास रोखून बसले होते, आणि त्याच्यानंतर सगळ्यांना लोळवून ती पायरीवर टेकते, चहाचा कप उचलायला जाते आणि बोटं मिटतच नाहीत, कप सुटून खाली घरंगळतो, तिथे मला रडूच फुटलं. मारामारी बघून मी आधी कधीच रडलेले नाही. हे खरंच इतकं भारी आहे का एडिटिंगने मला गुंडाळलं?

पट्टा_घट्ट_बांध
बघितली, आणि तो कपचा सीन बघून मीही गप्प झाले. मी कराटे शिकवते. हात असे खरंच जातात गं, सतत मूठ आवळून कोपरापासून खालचा हात दगडासारखा होतो, पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडत नाही. बॉक्सिंगमध्ये ३ मिनिटांचा राउंड आणि मग १ मिनिट आराम असतो, तरी तयारीचे बॉक्सर शेवटी एकमेकांना धरून उभे राहतात. आणि ती जिन्यात पाठीवर पडते ते परत बघ, हनुवटी छातीला टेकवलेली आहे आणि हात जमिनीवर आपटून घेते, म्हणजे डोकं वाचतं. मुलांकडून आम्ही आधी हेच घोटून घेतो. मधे कट नाहीये, म्हणजे ती स्वतः पडलीये किंवा तिच्या जागी जी कोणी पडलीये तिला माझा नमस्कार.
एक मात्र खटकलं, मागून गळा आवळल्यावर तो माणूस ३ सेकंदांत मरतो. मानेच्या रक्तवाहिन्या नीट दाबल्या तर साधारण १० सेकंदांत शुद्ध जाते, सोडलं की बहुतेक वेळा लगेच परत येते, पण धरून ठेवलं तर जीव जाऊ शकतो. म्हणून कोणीही मित्रावर करून बघू नका, प्लीज.

कटवाला
एडिटिंग करतो त्यामुळे दुसऱ्या बाजूने सांगतो. उभ्या फ्रेमला रुंदीच नसते, दोघं समोरासमोर उभे केले की बाजूने मारलेली किक फ्रेमच्या बाहेर जाते. त्यामुळे बऱ्याच ठिकाणी नुसते चेहरे आणि झटपट कट दाखवतात, कोणी कोणाला मारलं तेच कळत नाही. इथे जिना घेतला ही खरी अक्कल, माणसं वर-खाली उभी राहिली आणि फ्रेमची उंची कामाला आली! वेगासाठी जुनी हाँगकाँगची युक्ती पण आहे, सेकंदाला २४ ऐवजी २२ वगैरे फ्रेम्सने शूट करायचं आणि २४ ने दाखवायचं. ठोशांचे आवाज तर सगळे नंतर टाकलेले असतात. गुंडाळलंय का ते बघायचं असेल तर तोच भाग आवाज बंद करून बघ.

सरळ_बोलतो
जिना मान्य, पण पहिले २०-२५ भाग नुसत्या थपडा, गुडघ्यावर बसवणं, सगळ्यांसमोर अपमान, आणि राग टोकाला गेला की पुढचा भाग लॉक, पैसे भरा नाहीतर जाहिरात बघा. मला ते बघवलं नाही. दुसरं म्हणजे अशा अख्ख्या सिरीज बऱ्याचदा आठवड्या-दहा दिवसांत शूट होतात, चीनमध्ये हंगडियनसारख्या मोठ्या स्टुडिओंमध्ये एकामागून एक चालू असतं. इतक्या घाईत जिन्यावरून पडायचे सीन करणाऱ्या स्टंटवाल्यांची मला मनापासून काळजी वाटते, आणि लढाई कितीही आवडली तरी ती काळजी जात नाही.

रात्रपाखरू
आत्ता आवाज बंद करून बघितला. सुरुवातीच्या थपडा एकदम पोकळ वाटल्या, त्या बाबतीत @सरळ_बोलतो तुमचं पटलं, आणि स्टंटवाल्यांचा विचार तर माझ्या डोक्यात आलाच नव्हता. जिना मात्र तसाच अंगावर आला. आणि कपच्या सीनला मुळात म्युझिकच नाहीये, हे काल माझ्या लक्षातच आलं नव्हतं! ताई, तुम्ही म्हणालात म्हणून हात नीट बघितले, ती आधी उजवा हात पुढे करते, मग तो मांडीवर ठेवून डावा पुढे करते, आणि कप सुटतो तो डाव्यातून. त्याच हाताने ती जिन्यात कठडा धरून लटकली होती.